आयपीएलचे २७ कोटी, आशा सेविकेचे २५० रुपये: भाव ठरवतं कोण?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दाच्या लिलावात लखनौने ऋषभ पंतला २७ कोटींना घेतलं आणि पंजाबने श्रेयस अय्यरला २६ कोटी ७५ लाखांना. त्यानंतर आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर लिलावाला होते तीच चर्चा झाली. जवानाला किती मिळतात, नर्सला किती, कचरा उचलणाऱ्याला किती, आणि चेंडू मारणाऱ्याला किती. दोन दिवस हळहळ, मग विषय संपला.

मला तो संपवता येत नाही. माझी वहिनी सातारा जिल्ह्यात आशा स्वयंसेविका आहे, म्हणजे घरोघर जाऊन आरोग्याची सरकारी कामं करते, तिची धावपळ रोज बघतो. पण हा प्रश्न ज्या तऱ्हेने विचारला जातो त्यातून तिच्या हाती काही लागणार नाही, असं माझं ठाम मत झालंय. खेळाडूला एवढे का मिळतात हा एक प्रश्न आणि आशाला एवढे कमी का मिळतात हा दुसरा. आपण दोन्हींची गाठ मारतो आणि धरून चालतो की पंतचे कोटी घटले तर वहिनीचे हजार वाढतील. ते पैसे एका गल्ल्यातले नाहीतच.

आधी खेळाडूचा गल्ला बघू. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या आयपीएल प्रक्षेपणाचे हक्क ४८,३९० कोटींना विकले गेले. हिशोब ४१० सामन्यांचा धरला होता, म्हणजे सामन्याला सुमारे ११८ कोटी. टी-ट्वेंटीत २४० चेंडू. एका चेंडूमागे ४९ लाखांच्या आसपास येतात, आणि ते देणारा ते जाहिरातींतून आणि वर्गणीतून वसूल करायला बसलेला असतो.

आता वहिनीचा. दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाने त्या घरी सहा वेळा जायचं: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. बाळाचं वजन, ताप, नाळ, अंगावर दूध नीट पितंय का, आईला जास्त रक्त जातंय का, सगळं बघून फॉर्म भरायचा. सगळ्या भेटी पूर्ण झाल्या की २५० रुपये. भेटीला ४२ रुपये पडले.

पंतचा आकडा दहा संघ एकमेकांवर बोली चढवून ठरवतात. वहिनीचा सरकारी आदेशात ठरतो आणि तिथे काम घेणारा एकच असतो. माझ्या मते सगळा फरक इथे आहे. तुम्हाला काय वाटतं?

गिरगावकरीण

मला यात गूढ काही वाटत नाही. आपण बघतो म्हणून त्यांना मिळतात. मी स्वतः सामना चुकवत नाही आणि त्याचा मला पश्चात्तापही नाही. दिवसभर कामाने पिचलेल्या माणसाला तीन तास सगळं विसरायला लावणं हेही काम आहे. त्याला फुकटचे पैसे म्हणणं मला पटत नाही.

अर्थमास्तर

धागा आवडला. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो, आणि मुलं दरवर्षी हेच विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पाण्यावाचून जगता येत नाही तरी ते स्वस्त, हिऱ्यावाचून काही अडत नाही तरी तो महाग, हे कोडं अ‍ॅडम स्मिथने १७७६ सालीच लिहून ठेवलंय. त्याचं उत्तर पुढे शंभरेक वर्षांनी मिळालं. बाजार एखाद्या वस्तूची एकूण गरज मोजत नाही, आणखी एक नग मिळाला वा हातचा गेला तर काय फरक पडेल तेवढंच मोजतो. सगळ्या नर्सेस एकदम गेल्या तर राज्य कोलमडेल, पण बाजारापुढे तो प्रश्न कधी येतच नाही. तिथे प्रश्न असतो एका नर्सचा, आणि तिच्या जागेसाठी दारात दहा जणी उभ्या असतात. म्हणून काम अत्यावश्यक असणं आणि ते करणाऱ्याला चांगला भाव मिळणं यांची आपोआप सांगड बसत नाही.

दुसरी गोष्ट पोहोचीची. नर्स एका पाळीत ठरावीक खाटाच सांभाळू शकते, कितीही निष्णात असली तरी. फलंदाजाने मारलेला एक फटका एक माणूस बघो की दहा कोटी, त्याची मेहनत तेवढीच. शेर्विन रोझेन या अर्थशास्त्रज्ञाने १९८१ मध्ये हे नीट मांडलं. जिथे एकाचं काम जादा खर्चाशिवाय सगळ्यांपर्यंत पोहोचतं, तिथे गुणवत्तेत थोडं पुढे असलेला जवळजवळ सगळी कमाई घेऊन जातो. दुसऱ्या क्रमांकाचा सर्जन आपल्याला चालतो, कारण पहिल्याकडे वेळच नसतो. दुसऱ्या क्रमांकाची गायिका ऐकायचं कारण नसतं, पहिलीचं गाणं प्रत्येकाच्या खिशात आहे.

आणि ही पोहोच आकाशातून पडलेली नाही. १९८३ चा विश्वचषक जिंकून आलेल्या संघाला द्यायला बोर्डाकडे पैसे नव्हते. लतादीदींनी मानधन न घेता दिल्लीत कार्यक्रम केला, त्यातून खेळाडूंना प्रत्येकी एक लाख मिळाले. १९९३ पर्यंत तर सामने दाखवायचे म्हणून दूरदर्शनच आयोजकांकडे पैसे मागत होतं! तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १९९५ च्या निकालाने प्रक्षेपणाच्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, त्यावर सरकारी मक्तेदारी चालणार नाही असं सांगितलं, आणि प्रक्षेपण हक्कांची बाजारपेठ उघडली. कपिलदेव आजच्यांपेक्षा कमी होता का? त्याचा खेळ विकणारी यंत्रणा तेव्हा नव्हती. ती कायद्याने आणि न्यायालयाने उभी राहिली. गाण्यांचंही तेच. गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने पक्का केला.

लाल माती

कोल्हापूरचा आहे, पोरांना कुस्ती शिकवतो. मास्तर, तुमचं सगळं पटलं, पण "खेळाडूंना कोटी मिळतात" हे वाक्यच मला टोचतं. कुठल्या खेळाडूंना?

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९५२, हेलसिंकी, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. जाण्याच्या खर्चासाठी राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवलं, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. पदकानंतर पोलिसात नोकरी लागायलाही १९५५ उजाडलं. पद्म पुरस्कार जिवंतपणी नाही आणि नंतरही नाही.

हे जुनं झालं म्हणाल तर राधानगरी तालुक्यातला कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे बघा. २०२४ मध्ये पॅरिसला नेमबाजीत कांस्य. तोपर्यंत रेल्वेत टीसी होता, धोनीसारखाच. राज्य सरकारने आधी एक कोटी जाहीर केले, नंतर दोन कोटी केले, हरियाणा कांस्याला अडीच कोटी देतं. त्याच्या वडिलांनी हे उघड बोलून दाखवलं तर लोकांनी त्यांनाच हावरट ठरवलं. क्रिकेटपटूने जास्त बोली मागितली की तो धंद्याचा भाग, आणि नेमबाजाच्या बापाने मागितलं की हाव. हे मला सहन होत नाही.

माझ्या तालमीतल्या पोरांचा खुराक महिन्याला घरच्यांच्या कमाईचा मोठा वाटा खातो. दूध, बदाम, तूप. दहातल्या नवांच्या पदरी शेवटी दुखावलेला गुडघा आणि एखादी सुरक्षारक्षकाची नोकरी. अत्यावश्यक सेवेत रात्रपाळी करणारा तो गार्ड कधीकाळी खेळाडूच होता, हेही या हिशोबात धरा.

नारायणगाववासी

लाल माती, कलावंतांचंही असंच. आमच्याकडे गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशा फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे यात्रा कमिटीवाले येऊन सुपारी ठरवतात. एका रात्रीच्या सुपारीत पन्नास-साठ-शंभर माणसांचा फड, ट्रक, डिझेल, जेवण, सगळं आलं. पावसाने किंवा निवडणुकीच्या आचारसंहितेने खेळ बुडाला की फडमालक सावकाराच्या दारात.

विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपती पदक मिळालं. अख्ख्या महाराष्ट्राने त्यांच्यावर जीव टाकला. शेवटची वर्षं ओढाताणीत गेली, २००२ साली गेल्या. आता त्यांच्या नावाने सरकारचा जीवनगौरव पुरस्कार आहे. मनोरंजन करणारा श्रीमंत असतो हे पडद्यावरच्या मूठभरांपुरतंच खरं. ज्याची कला तंबूत समोर बसलेल्यांपर्यंतच पोहोचते त्याची गत मास्तरांच्या नर्ससारखीच.

करदाता पुणे

मी थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नका. कृष्णाकाठ, तुम्ही म्हणता गल्ले वेगळे. मान्य. पण दुसरा गल्ला माझ्या कराचा आहे. खेळाडूला देणारा स्वखुशीने देतो. आशा, अंगणवाडी, एसटी, शिक्षक, प्रत्येकाची वाढ शेवटी पगारदार माणसाच्या मानेवर येते. राज्यात ७० हजारांहून जास्त आशा आहेत. भावनेच्या भरात आकडे वाढवायचे आणि मग रस्त्याला पैसे नाहीत म्हणायचं, हे योग्य नाही. शिवाय मास्तरांनीच सांगितलं की एका जागेला दहा जणी उभ्या आहेत. मग कमी पैशात काम होत असेल तर सरकारने जास्त का द्यावेत?

गिरगावकरीण

करदाता, तुमचा कर क्रिकेटकडे जात नाही हे गृहीतक तपासा. वानखेडेवर सामना असला की मरीन लाइन्सपासून चर्चगेटपर्यंत पोलीस उभे असतात, मी रोज त्या रस्त्याने जाते. त्या बंदोबस्ताचं शुल्क आयोजकांनी सरकारला द्यायचं असतं. २०२३ मध्ये राज्य सरकारने ते कमी केलं, टी-ट्वेंटीला १० लाखांवर आणलं, आणि तेही २०११ पासून पूर्वलक्षी प्रभावाने. उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली आणि न्यायालयाने सरकारला याबद्दल चांगलंच सुनावलं. ११८ कोटींचा सामना आणि बंदोबस्ताला १० लाख! तिथे उन्हात उभ्या असलेल्या नव्या शिपायाचं मूळ वेतन २१,७०० रुपयांपासून सुरू होतं आणि ते तुमच्या-माझ्या करातून जातं. हे वाचल्यावर मला खेळाडूंचा नाही, ही सूट देणाऱ्यांचा संताप आला.

कृष्णाकाठ

गिरगावकरीण, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. यातूनच दिसतं की गल्ले वेगळे असले तरी मधली किल्ली सरकारच्या हातात आहे.

करदाता, "कमी पैशात होतंय तर जास्त का द्यावेत" हा प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून नीट उत्तर देतो. बीसीसीआयचंच उदाहरण घ्या. ऑक्टोबर २०२२ पर्यंत महिला क्रिकेटपटूला कसोटीला ४ लाख आणि एकदिवसीय वा टी-ट्वेंटीला १ लाख मिळत. मग बोर्डाने ठरवलं आणि ते पुरुषांइतके झाले: १५ लाख, ६ लाख, ३ लाख. त्या दिवशी महिलांच्या सामन्यांचे प्रेक्षक एकदम वाढले नव्हते. कमी पैशातही मुली खेळतच होत्या. देणारा एकच होता आणि त्याने निर्णय घेतला. पुढच्या फेब्रुवारीत महिलांच्या लीगचा लिलाव झाला, आमच्या शेजारच्या सांगलीच्या स्मृती मानधनाला ३ कोटी ४० लाख मिळाले, कारण तिथे बोली लावणारे पाच होते.

उलट बाजूही बघा. आयपीएलमध्ये सुद्धा संघाला लिलावात १२० कोटींची मर्यादा होती. दहा संघांचे १,२०० कोटी. प्रक्षेपण हक्कांचे वर्षाला साडेनऊ हजार कोटींहून जास्त येतात. मॅच फी वेगळी धरली तरी खेळाडूंचा वाटा लहानच. अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमध्ये खेळाडूंची भक्कम संघटना आहे, तिथे उत्पन्नाचा साधारण निम्मा वाटा खेळाडूंना जातो. म्हणजे कोटींच्या घरातही वाटा ठरतो तो ताकदीने.

डेपो

मी एसटीत वाहक होतो, आता निवृत्त. ताकदीचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो.

सेवा अत्यावश्यक आहे हे सरकार कधी सांगतं माहीत आहे का? संप करायची वेळ आली की. मग मेस्मा लागतो, म्हणजे अत्यावश्यक सेवेत संपाला बंदी करणारा कायदा. मार्च २०१८ मध्ये अंगणवाडी ताईंना मेस्माखाली आणलं होतं, विधानसभेत गदारोळ झाला तेव्हा स्थगिती दिली. ज्या बाईला सरकार कर्मचारी मानायला तयार नाही, मानधनावर ठेवतं, तिला संप करायला मात्र अत्यावश्यक म्हणून बंदी. पगाराच्या वेळी ती स्वयंसेवी आणि संपाच्या वेळी ती अत्यावश्यक, हे एकाच सरकारच्या कागदावर कसं बसतं?

आमचा २०२१ चा संप नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत चालला. मागणी एसटी महामंडळाच्या सरकारात विलीनीकरणाची होती. ते मिळालं नाही, पगारवाढ मिळाली. त्या काळात काहींनी जीव दिला, ते कधी विसरणार नाही. गावाकडच्या पोरींची शाळा बुडाली याचंही दुःख आमच्यातल्या प्रत्येकाला होतं. अत्यावश्यक काम करणाऱ्याची हीच कोंडी आहे. क्रिकेटपटू सामना खेळला नाही तर जाहिरातदाराचं नुकसान होतं. आम्ही गाडी नाही काढली तर नुकसान गरिबाचंच, म्हणून मन खातं, आणि समोरच्याला ते माहीत असतं.

मुंबईच्या कंत्राटी सफाई कामगारांनी दुसरा रस्ता धरला, कोर्टाचा. वर्षानुवर्षं लढून २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयातून २,७०० जण कायम झाले. काम तेच, झाडू तोच, कचऱ्याची गाडी तीच. मधला कंत्राटदार गेला आणि पगाराचा आकडा बदलला.

नेकारकाठ

स्टुटगार्टहून लिहितेय. नर्स आहे. महाराष्ट्रात काही वर्षं एका खासगी रुग्णालयात अतिदक्षता विभागात होते, तिथे एका पाळीत जितके रुग्ण सांभाळायचे तेवढे इथे कुणाला सांगितले तर विश्वास बसत नाही. हात तेच, शिक्षण तेच (इथे भाषेची परीक्षा आणि मान्यतेची प्रक्रिया करावी लागली, ती सोपी नव्हती). पगार मात्र कित्येक पट.

इथे खर्चही जास्त आहे, हे आधीच सांगते. पण मुख्य फरक असा की इथल्या सरकारी रुग्णालयांत नर्सचा पगार संघटना आणि मालक यांच्यातल्या सामूहिक करारात ठरतो. कुठल्या श्रेणीला, किती वर्षांच्या अनुभवाला किती, त्याचा तक्ता छापलेला आणि कुणालाही बघता येणारा. मला मुलाखतीत घासाघीस करावी लागली नाही. आणि इथे नर्सेसची टंचाई आहे, हेही खरंच. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने याच बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्यात नर्सेस आहेत. आपली माणसं बाहेर पाठवायला करार होतो याचा मला आनंद आहे, माझ्यासारख्या अनेकींचं घर त्याने उभं राहील. पण त्यांना घरी ठेवेल असा करार आपल्याकडे कुणी करत नाही याचं मनापासून वाईट वाटतं.

अर्थमास्तर

नेकारकाठ यांचा प्रतिसाद मुलांना वाचून दाखवणार आहे. "एका जागेला दहा जणी" हे मी लिहिलं होतं, त्याला ही जोड हवीच: घेणारा एकटा असला की दहा जणी असोत वा दोघी, भाव तोच सांगतो. यासाठी अर्थशास्त्रात एक सरळ निष्कर्ष आहे. एकटा घेणारा असलेल्या ठिकाणी किमान वेतन वाढवलं तर रोजगार घटतोच असं नाही, वाढूही शकतो. शिक्षण सेवकांचं, म्हणजे सुरुवातीला मानधनावर लागणाऱ्या शिक्षकांचं बघा. प्राथमिकला कित्येक वर्षं महिना ६,००० होते. २०२३ मध्ये ते १६,००० झाले. शाळा बंद पडल्या नाहीत.

पायवाट

नमस्कार. मी स्वतः आशा आहे, विदर्भात. इथे वाचते नेहमी, लिहित नाही. कृष्णाकाठ दादांनी वहिनींच्या भेटींचं लिहिलं ते अगदी बरोबर आहे म्हणून लिहावंसं वाटलं.

आम्हाला पंतचा राग नाही. माझा मुलगा त्याचे फटके बघून उड्या मारतो, मलाही बरं वाटतं. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या सगळ्या आशांचा गौरव केला तेव्हा आमच्या केंद्रात पेढे वाटले. कोरोनात लोक दारात उभं करत नव्हते तेव्हा आम्हीच घरोघर गेलो. टाळ्या वाजल्या, त्याही गोड लागल्या.

पण बघा, आमच्या कामाला वेगवेगळे दर आहेत. गरोदर बाईची नोंद, तपासण्या, दवाखान्यात बाळंतपण, यांचे मिळून ग्रामीण भागात ६००. लसीकरणाचे वेगळे, क्षयरोगाच्या रुग्णाचे वेगळे. बाई रात्री दोनला कळा देते तेव्हा गाडी बोलावणं, तिच्या सासूला समजावणं, पहाटेपर्यंत बाकावर बसणं, याचा दर कुठल्याच तक्त्यात नाही. आणि शेवटच्या क्षणी माहेरच्यांनी तिला दुसरीकडे नेलं तर बाळंतपणाचा मोबदला आमच्या हाती लागत नाही, नऊ महिने फिरलेलो असलो तरी.

२०२३-२४ च्या संपात आम्ही आझाद मैदानावर बसलो होतो, थंडीत. मार्च २०२४ मध्ये ५,००० वाढीचा आदेश निघाला. तो आम्हाला कुणी दया म्हणून दिला नाही.

करदाता पुणे

ताई, तुमचं वाचून हिशोब करून बघितला. ७० हजार आशांना महिना आणखी ५,००० दिले तर वर्षाला ४२० कोटी होतात. राज्याचा अर्थसंकल्प सहा लाख कोटींच्या पुढे आहे. माझा मुद्दा सोडत नाही, प्रत्येक रुपयाचा हिशोब मागितलाच पाहिजे. पण याच्यासाठी माझ्या करातला वाटा जात असेल तर माझी हरकत नाही. बंदोबस्ताच्या सुटीला मात्र आहे.

एक विचारतो. ५,००० वाढवणं हीच तुमची पहिली मागणी असेल का?

पायवाट

दादा, विचारलंत म्हणून सांगते. पैशाआधी तारीख हवी. केंद्राचा वाटा वेगळा येतो, राज्याचा वेगळा, कधी दोन-तीन महिन्यांचे एकदम. किराणावाला थांबतो, बचत गटाचा हप्ता थांबत नाही. महिन्याच्या ठरलेल्या दिवशी सगळे पैसे एकत्र जमा झाले पाहिजेत.

दुसरं, म्हातारपण. अंगणवाडी ताईंना ग्रॅच्युइटी मिळायला हवी असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं. आमच्यासाठी असं काही व्हावं म्हणून संघटनेतल्या बायका कागद गोळा करतायत. डेपो काका, कोर्टाच्या कामाची ज्यांना माहिती आहे असे कुणी तुमच्या ओळखीत आहेत का?

डेपो

आहेत, ताई. व्यक्तिगत निरोपात तुमचा जिल्हा कळवा. नेमणुकीचं पत्र, प्रशिक्षणाचे दाखले, बँकेचं पासबुक आणि आत्तापर्यंत भरून दिलेल्या अहवालांच्या झेरॉक्स एवढं प्रत्येकीकडून आधी गोळा करून ठेवा.